मिरगाआधीचं पाणी

आमचं रान वीस गुंठं. दूधगंगेच्या काठाला, बंधाऱ्याच्या उजव्या अंगाला, भरावाला खेटून. मळीचं रान. मळी म्हणजे नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेला गाळ. हात घातला तर कोपरापर्यंत जातो, खडा लागत न्हाय.

हे रान आईनं घेतलं. शेवंताबाईनं. बावीस वर्षं घरात बसून विड्या वळल्या तिनं, खोकला लागला तरी वळल्या. आमच्या आजानं जन्मभर दुसऱ्याच्या मळीत वांगी काढली. आमच्या वस्तीतलं नदीकाठाला रान असलेलं घर एकच, आमचं. उताऱ्यावर आईचं नाव हाय. तिला वाचता येत न्हाय, पण त्या कागदावर तिचं नाव कुठं हाय ते ती बोट ठेवून दाखवायची.

आता बंधाऱ्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळंल.

दगडी खांब हाईत. खांबा-खांबाच्या मधी मोकळा गाळा. असे एकोणीस गाळे. पावसाळा सरला की त्या गाळ्यांत लोखंडी फळ्या एकावर एक बसवायच्या. त्याला बरगे म्हणतात. पाणी अडतं, उन्हाळाभर उसाला पुरतं. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढायचे, मग पूर गाळ्यांतनं सरळ निघून जातो. हे बरगे घालायचं-काढायचं काम आमच्या आप्पांचं. तीस वर्षं झाली. नाव धर्मराज, पण गावात कुणी नुसतं धर्मराज म्हणत न्हाय, बरगेवाला धर्मा म्हणतात. हाताखाली रवळू.

आणि बरगे तसंच राहिले आणि पूर आला तर?

तर पाणी कडंनं वाट काढतं. डाव्या अंगाला खडक हाय, तिकडं त्याचं काय चालत न्हाय. उजव्या अंगाला मातीचा भराव, आणि भरावाच्या मागं आम्ही. म्हणजे बरगे वेळंवर निघाले न्हाईत तर गावात सगळ्यात आधी आमचं रान जाणार. आप्पांना हे ठाऊक. आईला ठाऊक. गावातल्या शेंबड्या पोराला पण ठाऊक.

पण वेळ चुकायचीच न्हाय की. आप्पांचं ठरलेलं. मिरग निघाला, की दुसऱ्या दिवशी पहिला बरगा वर. त्यांच्या आधीच्या माणसाचं पण तसंच. मिरगानं कधी फसवलं न्हाय.

फसवलं ते मी. दोन वर्षांमागं.

मी बारावी नापास. निपाणीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय माझं, खोकं म्हणा. दुरुस्ती बघून-बघून शिकलो. तसंच हवामान पण शिकलो. वाऱ्याचे नकाशे, समुद्र किती तापलाय, घाटावर किती पडणार, सगळं मोबाइलवर बघायचो. गावाच्या पाणी-ग्रुपवर टाकायचो. दोन-तीनदा अगदी बरोबर निघालं. लोक म्हणायला लागले, बुद्धप्रियाला इचारा. मला लई भारी वाटायचं. खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी मे सरता-सरता मी आप्पांना सांगितलं, पाऊस मिरगाच्या आधीच येतोय, मोठा येतोय, बरगे काढा. आप्पांनी मान हलवली. माझ्याकडं बघितलं. आणि काढले. पोराच्या शब्दावर एकोणीसच्या एकोणीस गाळे मोकळे केले.

पाणी गेलं निघून. पाऊस आलाच न्हाय. मिरग कोरडा गेला. नदीत खडक उघडे पडले, मासे डबक्यात तडफडून मेले, उभा ऊस करपला. पाऊस आला तवा जून सरला हुता.

सोसायटीच्या कट्ट्यावर बैठक झाली. पाणी समितीचे नागोजी अण्णा मधी बसलेले. त्यांचा चार एकर ऊस वाळलेला.

"काय रं धर्मा, तीस वर्षं नक्षत्रावर काम केलंस, आनि आता मोबाइलवर?"



"पोरगं हवामान खात्याचं जावई हाय न्हवं," मागनं कुणीतरी बोललं. हसले सगळे.

"सासरा फसवतोय जावयाला," दुसरा म्हणला. आणखी हसले.

आप्पा उठले. बरगे उचलायचा आकडा हुता त्यांच्या खांद्यावर, लांब लोखंडी, साखळीचा. तो त्यांनी अण्णांच्या पायाशी ठेवला. "अण्णा, ह्यो आजपासनं तुमच्या घरात. मिरग निघाल्याबिगर मी मागणार न्हाय. मागितला तर देऊ नका."

तसं कुणी मागितलंच नव्हतं त्यांच्याकडं. अण्णापण गडबडले. पण सगळ्यांच्या देखत शब्द गेला.

घरी येताना मी म्हणलं, "आप्पा, माझं चुकलं." ते म्हणले, "तुझं न्हाय. मी तुझं आयकलं, ते चुकलं." ह्याच्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

मी ग्रुपवर टाकायचं बंद केलं. पण बघायचं काय सुटलं न्हाय.

ह्या वर्षी बुद्धपौर्णिमा झाली त्याच्या चार-पाच दिवसांनी मला नकाशात दिसलं. कोकणाच्या समोर समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार हुईत हुता. मे निम्मा सरलेला. मला वाटलं, काहीतरी चुकतंय. दुसरं ॲप बघितलं, तिसरं बघितलं. सगळीकडं तेच. घाटावर आठवडाभर, आणि थोडाथोडका न्हाय.

मी रानात गेलो. आई वांगी तोडत हुती. बंधारा काठोकाठ भरलेला, पाणी आरशागत थांबलेलं. आप्पा भरावावर बसून तंबाखू मळत हुते.

"आप्पा, पाऊस येतोय. चार दिवसात."

"वळीव आसंल."

"वळीव न्हाय. मोठा हाय. घाटावर धरून बसणार."

"मिरगाला आजून वीस-बावीस दिस हाईत."

"त्याला मिरग कुठं ठाऊक हाय आप्पा? समुद्र तापलाय."

आप्पांनी तंबाखू तोंडात टाकली. "समुद्र दोन वर्षांमागं तापला नव्हता व्हय?"



आई वाफ्यातनं वर आली. टोपली कमरंवर. "अवो, पोरगं सांगतंय तर एकदा अण्णांच्या कानावर घाला की. रान आपलं जानार हाय, त्यांचं न्हाय."

"आनि पाऊस न्हाय आला तर? परत कट्ट्यावर उभं राहू? ह्या वक्ताला कोन हसनार न्हाय शेवंता. ह्या वक्ताला मारतील."

आई माझ्याकडं बघत राहिली. तू बोल, असं तिचं बघणं. मी पायानं ढेकूळ फोडत बसलो.

त्या दिवशी दुकानात बसून मी ग्रुपवर मेसेज लिहिला. लांबलचक. तारखा घातल्या, नकाशे जोडले. शेवटी लिहिलं, बरगे आता काढले न्हाईत तर भराव फुटंल. मग परत वाचला. खाली कोण काय लिहिणार ते मला आधीच दिसत हुतं. जावई आला. सासऱ्याचा फोन आला काय रं.

पुसून टाकला.

कारण काय, तर मला खात्री नव्हती असं मी स्वतःला सांगितलं. खात्री हुती. भ्या हुतं ते हसण्याचं.

पाऊस मंगळवारी आला. पहिल्या दिवशी गाव खूश. उकाडा लई हुता, पोरं भिजली, अण्णा छत्री न घेता बंधाऱ्यावर येऊन गेले. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी तांबडं झालं. घाटावरचं पाणी आलं की ते तांबडं हुतं, त्याला हिकडच्या पावसाची गरज नसते.

आप्पा चप्पल घालून निघाले. मी मागं. अण्णांच्या दारात गेलो. अण्णा सोप्यावर चहा पीत हुते.

"या धर्मा. च्या टाक गं एक-दोन," ते आत बघून ओरडले.

आप्पा पायरीवर उभे. दिलेला शब्द मोडायला आलतं न्हवं माणूस. शेवटी म्हणले, "अण्णा, आकडा."

अण्णांनी कप खाली ठेवला. हसले न्हाईत, खरं सांगतो. "मला बी तेच वाटतंय रं. पर आपली पान्याची बारी हाय दोन दिस. उसाला शेवटचं पानी. आत्ता सोडलं आनि ह्यो वळीव परवा थांबला, तर? महिनाभर कोरडं. मागल्या बारीला काय झालं तुला ठाऊक हाय."

"व्हय."

"उद्या सकाळपतूर बघू. थांबला न्हाय तर मी सोता आकडा घेऊन येतो. माझा शब्द."

मला तवा अण्णांचा राग आला हुता. आता येत न्हाय. त्यांच्या जागी मी असतो तर मीपण उद्याच म्हणलो असतो. मे महिन्यातल्या पावसाला वळीवच म्हणायचं, हे त्यांच्या बापानं त्यांना सांगितलेलं, त्यांच्या बापाला त्याच्या बापानं.

चौथ्या दिवशी सकाळी बरग्यांवरनं हातभर पाणी चाललं हुतं.

अण्णा आले. आकडा खांद्यावर, धोतर वर खोचलेलं. मागनं दहा-बारा माणसं. बंधाऱ्यावर उभं राहिलं की पायाखालनं दगड थरथरत हुता. वरनं केंदाळ, जलपर्णी म्हणा, वाहत येऊन गाळ्यांच्या तोंडाला बसलेलं, हिरवंगार, जाड, वर माणूस झोपंल असं.

रवळूच्या कमरंला दोर बांधला. तो म्हणला, "धर्मादा, दोर सोडू नका, माझं लगीन ठरलंय."

"चार वर्षं झाली ठरतंयच तुझं," आप्पा म्हणले. तेवढंच हसणं झालं त्या दिवशी.

पहिल्या गाळ्याचा वरचा बरगा निघाला. सगळ्यांनी साखळी ओढली, वर आला, पाणी त्या फटीतनं असं सुटलं की कानठळ्या बसल्या. दुसरा पण निघाला. तिसरा जागचा हलंना. पाण्यानं तो खाचंत असा दाबून धरलेला, की आकड्याचं टोक वाकलं. आम्ही पंधरा माणसं साखळीला. अण्णा स्वतः पुढं. ओढा रं, म्हणून ओरडत हुते. त्यांचे तळहात सोलले. मग साखळी तुटली आणि आम्ही सगळे एकमेकांवर पडलो.

एकोणीस गाळे. प्रत्येकात आठ बरगे. निघाले दोन.

अण्णांनी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत फोन लावला. क्रेन पाठवा म्हणले. मराठीत म्हणले, मग कन्नडमधी म्हणले. फोन स्पीकरवर हुता. तिकडनं आवाज आला, "नाळे बर्तैती, नाळे." उद्या येईल, उद्या. त्या बिचाऱ्याचा पण काय दोष. क्रेनची तारीख जूनची ठरलेली. त्याच्या कागदावर पण मिरगच.

तवर रवळू ओरडला. "भराव!"

भरावाच्या मधोमध माती भिजून काळी पडली हुती. तिथनं बारीक धार निघालेली, करंगळीएवढी. आप्पा पळाले. आम्ही पळालो. पोती भरायला सुरवात केली, वाळू न्हाय तर चिखलच भरला पोत्यांत. पाच पोती टाकली. सहावं टाकायच्या आत करंगळीची मांडी झाली. मग पाणी थांबलंच न्हाय. भराव मधनं बसला, आवाज न करता, म्हातारं माणूस खाली बसतं तसा. आणि अख्खी नदी उजवीकडं वळली.

आई रानात हुती.

मला वाटलं हुतं ती घरी हाय. ती सकाळीच टोपली घेऊन आलती. वांगी तोडत हुती. पाण्याला पाठ करून, घाईनं, लहान-मोठं बघत न्हाय, हाताला येईल ते तोडत हुती.

"आई, सर! आई!"

ती वर बघंना. रानाच्या नदीकडच्या कडंला भेग पडली. सरळ, दोरीनं आखल्यागत. भेगंच्या पलीकडच्या चार ओळी जागच्या जागी कलल्या, झाडांसकट, वांग्यांसकट, आणि गेल्या. मग परत भेग. मळीत खडा नसतो म्हणून आम्ही मिरवायचो. खडा नसतो म्हणूनच ती अशी गेली.

आप्पांनी तिला मागनं धरलं आणि ओढत वर आणलं. ती भांडत हुती त्यांच्याशी. "सोडा, एवढी वळ ऱ्हायलीया. एवढी वळ घेते."

"शेवंता."

"भरलीया ती वळ, सोडा."

"शेवंता, न्हाय गं आता."

आम्ही वरच्या रस्त्यावर उभं राहून बघितलं. दुपारपतूर सगळं गेलं. भांडी घासून पालथी घालावी तसं साफ. विहीर नव्हती आमची, एक पंप हुता, तो मी सोडवून आणला. तो अजून घरात पडलाय. कशाला लावायचा.

गावाचं बाकी काय गेलं न्हाय. भराव फुटल्यामुळं वरचा फुगवटा उतरला आणि अण्णांचा ऊस वाचला. हे मी वाईट वाटून लिहीत न्हाय. झालं ते असं झालं.

तलाठी आला पंचनाम्याला. पिकाचं नुकसान किती, त्यानं विचारलं. आप्पा म्हणले, "पीक सोडा सायेब, रान गेलंय." त्यानं बघितलं. जिथं रान हुतं तिथं दोन पुरुष खोल घळ आणि खाली गोटे. पाणी त्यातनंच चाललेलं. तो म्हणला, ह्याला माझ्या फॉर्ममधी रकाना न्हाय. उताऱ्यावर रान हाय तसंच हाय. वीस गुंठं, बागायत.

आई त्याला म्हणली, "मग त्यात नदी लावलीया असं लिवा."

जुलैत अण्णा घरी आले. आमच्या वस्तीत ते मतं मागायलासुदीक येत नव्हते. खाटंवर बसले, पाणी प्याले. तळहाताला अजून खपली हुती. मग माझ्याकडं बघून म्हणले, "बुद्धप्रिया, पुढल्या वर्षी बरगं कधी काढायचं, सांग बाबा. तू म्हनशील तवा काढू. कोन हसनार न्हाय."

दोन वर्षं मी ह्याच वाक्याची वाट बघत हुतो. खोटं कशाला बोलू.

पण मला सांगता आलं न्हाय. चार दिवस आधी सांगता येईल. पंधरा दिवस आधी अंदाज. पण बरगे काढायला आठ दिवस लागतात, आणि पाणी गेलं की गेलं. एक वर्ष जून कोरडा, एक वर्ष मे तुडुंब. मी म्हणलं, "अण्णा, मला पण ठाऊक न्हाय." आप्पांनी मान खाली घातली. अण्णा उठले, दारात थांबले. "कुनालाच ठाऊक न्हाय म्हन की," म्हणले, आणि गेले.

आप्पांनी काम सोडलं. कुणी सोडा म्हणलं न्हाय. दसऱ्यानंतर भराव परत बांधून झाला, रवळू बरगे घालायला बोलवायला आला, तर आप्पा म्हणले, "तारीख सांगशील तर येतो." रवळू एकटाच गेला.

दिवाळीच्या आधी आई म्हणली, मला सदलग्याला ने. नदीकाठानंच खाली जायचं, गाडीवर फार वेळ लागत न्हाय. सदलग्याला आमचं कुणी न्हाय. मी गाडी काढली.

वाटंत मी तिला मेसेजचं सांगितलं. लिहिला आणि पुसला. गाडी चालवत सांगितलं, म्हणजे तोंड बघायला नको. ती मागं बसलेली.

"खेकडी वर आलती."

"काय?"

"पावसाच्या आधी. भरावावनं खेकडी वर चालल्याली, पिल्लं पोटाला घिऊन. मी बघितली. कधी एवढ्या लवकर येत न्हाईत. तुझ्या आप्पाला सांगावं वाटलं. म्हनलं, आधीच लोक हसत्यात, आता बायकू खेकडी बघून सांगतीया म्हनतील." मग, "गाडी बघून चालव."

सदलग्याच्या अलीकडं एका वळणावर तिनं गाडी थांबवायला लावली. नदी तिथं संथ हुती. काठाला रानं. एक माणूस वाफं पाडत हुता, साठीचा असंल. त्याच्या रानात ह्या वर्षी नवी मळी बसलेली, गुडघाभर, तांबूस-काळी, अजून ओल धरून.

आई खाली उतरली आणि सरळ त्याच्या बांधावर गेली.

"लई झ्याक मळी बसलीया," ती म्हणली.

"व्हय की आक्का," तो माणूस खूश हुता. "धा वर्षांत आशी बसली न्हवती. औंदा नदीनं दिलं बगा."

आई बसली. हात घातला मळीत. कोपरापर्यंत गेला.

"काय लावताय?"

"हरभरा म्हनतोय."

"वांगी लावा. वांगी येतील हितं. पानी कमी द्या पयलं, मूळ खाली जाऊ द्या. काटेरी लावा, ती धरत्यात."

"तुमी वांगी करताय व्हय? रान कुठं तुमचं?"

मी पुढं झालो, काहीतरी बोलणार, चला म्हणणार. आईनं हात झाडला, पदराला पुसला.

"हाय," ती म्हणली. "वरल्या अंगाला. वीस गुंठं."